आता कफ मीच काढू शकेन का?

प्रश्न : वय २६. सिस्टिक फायब्रोसिस आहे. लहानपणी आई पाठ थापटून कफ काढायची. आता चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. एकट्याने कफ कसा काढावा? – एक वाचक, सांगवी

उत्तर : एकट्याने नक्की जमेल. ताठ बसा. आधी पोटाने शांत श्वास घ्या. मग तीन-चार खोल श्वास. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद रोखा, म्हणजे हवा कफाच्या मागे पोहोचते. पुन्हा शांत श्वास. मग आरशावर वाफ धरतो तसे, तोंड उघडे ठेवून जोराने ‘हा’ करा. कफ वर आला की मगच खोका. छाती मोकळी होईपर्यंत हे चक्र चालू ठेवा.

क्रम पाळा : श्वासनलिका रुंदावणारे औषध, नेब्युलायझरने हायपरटॉनिक सलाइन, हा व्यायाम आणि शेवटी नेब्युलायझरचे अँटिबायोटिक. शिफ्ट कोणतीही असो, व्यायाम रोज करा. जेवणानंतर लगेच नको. किती वेळा, हे डॉक्टर ठरवतील.

पहिल्यांदा हे छातीच्या फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा. सांगवीलगतच्या औंध उरो रुग्णालयात चौकशी करा. थुंकीत रक्त दिसले, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.