आधी एसएमपीएसचं लेबल वाच

चि. ओंकार,

तुझा निरोप मिळाला. आठ जीबीचं जुनं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळतंय, विकणारा कन्व्हर्टर फुकट देतोय आणि शनिवारपर्यंत पैसे द्यायचेत, असं म्हणतोस. ते पैसे ताईनं भिशीतून काढून दिलेत हे मला ठाऊक आहे, म्हणून फोनवर न उरकता सविस्तर लिहितोय. ते कार्ड घेऊ नकोस.

कार्ड वाईट नाही, पण तुझ्या मशीनला ते झेपणारं नाही. तुझा ऑप्टिप्लेक्स ९०२० मोठ्या उभ्या पेटीचा आहे, त्यात मूळचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, २९० वॅटचा येतो. आता हिशेब मांड. आय-फाइव्ह ४५९० पूर्ण ताणाला ८४ वॅटच्या आसपास. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक धर. आरएक्स ५८० एकटं १८५. झाले ३०९. शिवाय कार्ड मधूनच क्षणभर याहून मोठा घास घेतं. मग गेम रंगात येतो, स्क्रीन काळी पडते आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. पोरं आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसतात, खरी भूक मात्र विजेची असते.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा पाहून भुलू नकोस. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. लेबलवर त्या लाइनखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ नं गुण. माझ्या टेबलावर आत्ता एक एसएमपीएस पडलाय, वर ठळक ‘४५० वॅट’ छापलंय आणि १२ व्होल्टला १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॅट. दोन १२ व्होल्टच्या लाइनी दिसल्या तर त्यांची बेरीज करू नकोस. दोन्ही मिळून कमाल किती ते बारीक अक्षरात दिलेलं असतं, तोच आकडा धर.

आता त्या फुकटच्या कन्व्हर्टरबद्दल. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनांची जोडणी आणखी ७५, आठ पिनांची १५०. तुझ्या एसएमपीएसमधून यातली एकही वायर निघत नाही, म्हणून तो माणूस हार्डडिस्कच्या साटा वायरीतून वीज ओढणारा तुकडा देतोय. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीला दीड अँपिअर. सगळ्या मिळून ५४ वॅट. १५० मागणाऱ्या तोंडाला ५४ ची वाटी. कन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही रे, फक्त प्लगचा आकार बदलतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका फोटो स्टुडिओवाल्याच्या मशीनला मी स्वतः असा तुकडा लावला होता. दोन महिन्यांनी मशीन परत आलं. पिवळ्या वायरीचं कातडं तपकिरी झालं होतं, प्लगचं प्लास्टिक मेणासारखं पिनांवर ओघळलं होतं. सुरीनं सोडवायला गेलो तर त्याच वायरीवरच्या डिस्कची जोडणीही सोबत निघून आली. त्या डिस्कवर एका लग्नाचे फोटो होते. त्याला ते सांगताना माझा आवाज कसा झाला होता, ते आठवलं की अजून जीव कसानुसा होतो.

तुझ्यासाठी आरटीएक्स ३०५०, पण सहा जीबीचंच. ते ७० वॅटमध्ये भागवतं, सगळी वीज स्लॉटमधून घेतं. वरची बेरीज पुन्हा कर, १९४ येते. आठ जीबीचं ३०५० हे नावानं सारखं, पण १३० वॅटचं, त्याला वेगळी वायर लागते. दुकानदार घाईत ते हातात देईल. कार्डाच्या कडेवर प्लग लावायची जागा दिसली तर परत कर. तू ब्लेंडर शिकतोयस, त्यात सायकल्स या इंजिननं रेंडर करताना कार्डाच्या ऑप्टिक्स या सोयीमुळे त्याचा फार उपयोग होईल.

पैसे कमी पडले तर जुनं जीटीएक्स १६५० बघ. ७५ वॅट, चार जीबी. त्यातही काही मॉडेलांना सहा पिनांची वायर लागते, ती टाळ. आरएक्स ६४०० ला ५३ च वॅट लागतात म्हणून मोह होईल, पण ते पीसीआयईच्या चारच लेन वापरतं आणि तुझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे ते अडखळतं. व्हिडिओ एन्कोडरही त्यात नाही.

एसएमपीएसच बदलू का, असं विचारशील. तुझ्या बोर्डाचा मुख्य प्लग आठ पिनांचा आहे, बाजारातल्या चोवीस पिनांच्या एसएमपीएसला मध्ये वेगळी केबल लागते. ती मिळते, चालतेही. पण चांगला एसएमपीएस आणि ती केबल यांचे पैसे या दहा वर्षांच्या मशीनवर घालण्यापेक्षा सोळा जीबी रॅम घाल. रेंडरला तिचा फरक तुला पहिल्याच दिवशी जाणवेल.

जुनं कार्ड घेतलंसच, तर विकणाऱ्यासमोर अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून बघ. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. आरएक्स ५८० त्यात पुष्कळ होती. जीपीयू-झेडमध्ये नाव आणि मेमरी ताडून बघ.

आज रात्री मशीन बंद कर, वायर भिंतीतून काढ, झाकण उघड आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मला पाठव. उजेड नीट घे, १२ व्होल्टची ओळ वाचता यायला हवी. स्लॉटपासून समोरच्या डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेपनं मोजून तो आकडाही कळव, म्हणजे कोणत्या लांबीचं कार्ड बसेल ते सांगतो. विकणाऱ्याला उद्याच नाही म्हणून टाक, त्याला ताटकळत ठेवू नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा