सोमवारी दुपारी तीन ते पाच

प्रश्न : मी लोकप्रशासनात एम.ए. करतोय, दुसरं वर्ष. पुण्यातल्या मित्रांच्या स्टेटसला रोज काहीतरी असतं. आज कार्यशाळा, उद्या परिसंवाद, परवा कुणा निवृत्त सचिवांशी गप्पा. आमच्या संग्रामपूर तालुक्यात कपाशी, सोयाबीन आणि एसटीची वाट बघणं. आमच्या विषयातल्या बातम्या आणि येणारे कार्यक्रम इथे बसून कसे कळायचे? कळले तरी जायचं कसं?
(एक विद्यार्थी, वरवट बकाल)

उत्तर : आधी एक गैरसमज काढून टाका. तुमचा विषय पुण्याचा नाहीच. लोकप्रशासनाचा स्वतंत्र विद्यापीठ विभाग देशात सर्वांत आधी निघाला तो नागपूरला, 1949-50 च्या सुमारास, आणि त्याच्या नावात 'लोकप्रशासन'च्या जोडीला 'स्थानिक स्वराज्य'ही होतं. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. म्हणजे तुमच्या आजोबा-पणजोबांचा कारभार तिथूनच चाले. 1948 साली त्याच सरकारने जनपद योजना आणली. जिल्हा कौन्सिलं बाजूला सारून तहसील हा कारभाराचा पाया धरायचा आणि तिथे जनपद सभा बसवायची, अशी ती कल्पना. योजना पुरती टिकली नाही. पण नवा प्रयोग आणि नवा विभाग एकाच राजधानीत वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने यावेत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याच्याही मागे गेलात तर 1905 पर्यंत जळगाव जामोद तालुका अकोला जिल्ह्यात होता. जळगाव आणि खामगाव हे दोन्ही तालुके त्या वर्षी तुमच्या बुलडाणा जिल्ह्याला जोडले गेले. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. समितीचे अध्यक्ष पुसदचे, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातले. मार्च 2022 मध्ये बुलडाणा जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसले. पाच वर्षांत निवडणूक झालीच पाहिजे असं राज्यघटना सांगते, तरी ती का लांबली? ओबीसी आरक्षण, गट-गणांची रचना, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा आणि शेवटी मे 2025 मधला निवडणुका घ्या असा आदेश. ही सगळी साखळी जुळवून चार पानं लिहिलीत तर तुमच्या विषयातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी बातमी तुम्हाला कळली असं समजा. त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

आता कार्यक्रम. दर आठवड्याला होणारा, शुल्क नसलेला आणि तुमच्या घरापासून एसटीच्या एका तिकिटावर असलेला कार्यक्रम सांगतो. सोमवार, दुपारी 3 ते 5. राज्य सरकारच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, या वेळी नागरिकांना अभिलेख पाहायला मिळतात. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तहसील, पंचायत समिती, नगरपंचायत, कुठेही जा. पहिल्यांदा गेलात की समोरचा कारकून बहुधा विचारेल, "कशासाठी पाहिजे?" वाद घालू नका. परिपत्रकाची छापील प्रत आणि कॉलेजचं ओळखपत्र टेबलावर ठेवा, अभ्यासासाठी हवंय म्हणा. आणि "सगळ्या फायली दाखवा" असं कधीच म्हणू नका. एका विषयाची, एका वर्षाची फाईल मागा.

कुठली? 22 जुलै 2023 च्या पुराची मागा. त्या दिवशी संग्रामपूर आणि जळगाव जामोदला पाण्याने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर कागदांनी काय केलं ते आता बघा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचा संयुक्त पंचनामा, त्यावर तीन सह्या. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. मग यादी तहसीलला, तिथून वर, आणि पैसे खाली. यातला प्रत्येक कागद कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावरून हलला याची एक ओळ मांडत गेलात, तर 'निर्णयप्रक्रिया' या शब्दाला पहिल्यांदाच चेहरा येईल. पाठ्यपुस्तकात हर्बर्ट सायमन वाचलाय ना तुम्ही? तो इथे गठ्ठ्यात बांधून ठेवलेला सापडतो.

जाता जाता, 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक होऊन 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आणि तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. परीक्षेत नवी नावं लिहा. गावात नवी नावं घेतलीत तर कुणाला विचारताय ते कळणार नाही. आणखी एक गोंधळ टाळा. तलाठ्याकडचा 'आठ-अ' म्हणजे शेतजमिनीच्या खात्याचा उतारा, तर ग्रामपंचायतीचा 'नमुना 8' म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. एम.ए. झालेली मुलंही या दोघांची अदलाबदल करतात, आणि तिथेच ग्रामसेवकाला कळतं की समोरचा पुस्तकातून आलाय.

सोमवारचं आणखी एक माहात्म्य आहे. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी असतो. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पंधरा दिवस आधी. न्यायप्रविष्ट प्रकरण, अपील आणि नोकरीविषयक तक्रार तिथे घेत नाहीत. तुमचं गाऱ्हाणं नसेल तरी परवानगी घेऊन मागच्या खुर्चीवर बसा आणि एवढंच मोजा : किती अर्जांना उत्तर मिळालं आणि किती 'संबंधित विभागाकडे वर्ग' झाले.

मग ग्रामसभा. वर्षाकाठी किमान चार घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे रूढ दिवस. त्याआधी महिलांची वेगळी सभा. सूचना सात दिवस आधी फलकावर लागते, दवंडीही होते. पण तुमच्या वर्गात खुद्द संग्रामपूर गावातला कुणी असेल तर त्याला ग्रामसभा नाही, कारण तिथे नगरपंचायत आहे. त्याने मुख्याधिकाऱ्यांना विचारून नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा बघावी. तुम्ही वरवट बकालचे, सोनाळ्याचे, टुनकीचे, पातुर्ड्याचे भाग्यवान.

मी पाहिलेली एक ग्रामसभा सांगतो, गावाचं नाव राहू द्या. झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली, पारावर सतरंजी पडली. ग्रामसेवक सह्यांचं रजिस्टर घेऊन माणसामाणसाकडे फिरत होते. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. सह्या झाल्या बासष्ट. "थांबा भाऊ, येतेत लोकं," सरपंच म्हणाले. तास गेला, लोकं काही आली नाहीत. सभा तहकूब. आठवड्याने तीच सभा नऊ माणसांत भरली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. चौदा ठराव झाले. मी नंतर ठरावबही चाळली. प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर', आणि चौदाही ठरावांना सूचक-अनुमोदक म्हणून आलटून पालटून तीच दोन नावं. यात बेकायदा काहीच नव्हतं. विकेंद्रीकरणावरची दहा व्याख्यानं ऐकून मला जे समजलं नव्हतं ते त्या दोन नावांनी समजलं.

आता बाहेरच्या जगाचं थोडक्यात. एप्रिल हा तुमच्या विषयाचा सणावारांचा महिना आहे : 21 ला नागरी सेवा दिन, 24 ला पंचायतराज दिन, 28 ला राज्याचा सेवा हक्क दिन. महाराष्ट्र राज्यशास्त्र व लोकप्रशासन परिषदेचं अधिवेशन दरवर्षी भरतं आणि गावं बदलत जातं. विदर्भात आलं की सोडू नका. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था 1954 ची. तिची मुंबईत शाखा आहे आणि 'लोक प्रशासन' हे हिंदी नियतकालिकही. इंग्रजी जड जात असेल तर तिथून सुरुवात करा. प्राध्यापकी करायची असेल तर नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. अमरावती विद्यापीठाचं आणि पुण्याच्या यशदाचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडा. नागपूरला जायचं तर शेगावला मुंबई-हावडा मार्गावरची गाडी मिळते.

पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय परिषदां'पासून लांब राहा. सकाळी शुल्क भरायचं, संध्याकाळी प्रमाणपत्र यायचं, आणि मधल्या वेळात कुणी कुणाचं ऐकायचं नाही, असा तो प्रकार असतो. त्या पैशांत महिनाभर तालुक्याला जाऊन येता येतं.

प्रश्न : लोकप्रशासन घेतल्याने एमपीएससीला फायदा होतो का?
(एक विद्यार्थिनी, सोनाळा)

उत्तर : आता होऊ शकतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. पुण्यातल्या आंदोलनानंतर हा बदल 2023 वरून पुढे ढकलला होता, ते तुम्हाला आठवत असेल. लेखी परीक्षा 1750 गुणांची, मुलाखत 275. वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी 250. त्या यादीत लोकप्रशासन आहे. यूपीएससीत तो 1987 पासून स्वतंत्र विषय आहे. सामान्य अध्ययनातल्या कारभाराच्या भागालाही तो उपयोगी पडतो. मात्र गोळ्या भरायची सवय झालेल्या हाताला पानभर लिहिणं अवघड जातं, म्हणून रोज एक उत्तर हाताने लिहा. आणि तारखांवर डोळा ठेवा. 28 सप्टेंबर 2025 ची पूर्वपरीक्षा अतिवृष्टीमुळे 9 नोव्हेंबरला गेली होती. अशा बातम्या आयोगाच्या संकेतस्थळावरच बघायच्या, क्लासच्या ग्रुपवर नाही.

परीक्षेच्या जोडीला अनुभव हवा असेल तर मुख्यमंत्री फेलोशिप बघा. 2015 ला सुरू झाली, मध्ये थांबली, 2023 ला पुन्हा आली. जागा साठ, वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के आणि वर्षभराचा कामाचा अनुभव. जाहिरात निघाली की मुदत थोडीच असते, कागद आधीच जमवून ठेवा.

प्रश्न : लघुशोधप्रबंधाला विषय सुचवा. सर म्हणतात, 'सुशासन : एक अभ्यास' घे.
(एक विद्यार्थी, बावनबीर)

उत्तर : सरांचा मान राखून, तो घेऊ नका. त्यावर काय लिहायचं ते तुम्हाला लिहायच्या आधीच माहीत असतं.

त्यापेक्षा नळ घ्या. तुमचा तालुका खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारं, आणि मूत्रपिंडाचे रुग्ण किती घरांत आहेत ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. त्यावर तोडगा म्हणून वान धरणाच्या पाण्यावर 140 गावांची पाणीपुरवठा योजना आली. आता एका नळाच्या मागे कोण कोण उभं आहे ते मोजा. धरण पाटबंधारे खात्याचं. योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची. गावातली टाकी, वाटप आणि पाणीपट्टी ग्रामपंचायतीची. पंपाला वीज महावितरणची. रस्ता खोदताना जलवाहिनी फुटली तर बांधकाम खातंही त्यात आलं. नळ कोरडा असेल तर यांतल्या कुणाकडे जायचं, आणि जो ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याच्या हातात खरंच काही आहे का? समन्वय, उत्तरदायित्व, अधिकार सोपवणं हे तुमच्या अभ्यासक्रमातले तीन मोठे शब्द या एका प्रश्नात येतात.

दुसरा विषयही हाताशी आहे. 2025 च्या सुरुवातीला राज्यातल्या कार्यालयांसाठी 100 दिवसांचा सुधारणा कार्यक्रम झाला, नंतर 2 ऑक्टोबरपर्यंत 150 दिवसांचा. स्वच्छता, तक्रार निवारण, सुकर सेवा, क्षेत्रीय भेटी असे मुद्दे त्यात होते. गुण दिले गेले, सत्कार झाले. त्यातलं काय टिकलं? सेवा हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयात सेवा आणि त्यांची मुदत लिहिलेला फलक लावावा लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस. मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. शंभर दाखल्यांच्या अर्जाची आणि मिळाल्याची तारीख टिपा, अपील किती जणांनी केलं ते विचारा. मोजकं काम आहे, एका सत्रात होतं.

दोन्हींतला मला नळ जास्त आवडतो. घेतलात तर पाहणी एप्रिल-मेमध्ये उरका. पाऊस पडला की कोरड्या नळाबद्दल सांगायला कुणी घराबाहेर येत नाही, सगळे पेरणीला गेलेले असतात. काम झालं की एक प्रत आमच्याकडे पाठवा, या सदरातून ती वाचकांपुढे ठेवू.