ओळख जोडा, ओळख राखा

एकट्याच्या बळावर धंदा होत नाही. त्याला चार माणसांची ओळख लागते. पण ओळख म्हणजे नुसता रामराम नव्हे.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील पहा. लोणी गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. विखे पाटील शेतकरी. शाळा थोडीच शिकलेले. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे ऊसवाल्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायचे ठरले. विखे पाटील गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांकडून भागाचे पैसे जमवले. लोकांनी पैसे का दिले? वीस-पंचवीस वर्षांचा त्यांचा व्यवहार लोकांपुढे होता. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळही साथीला आले. एकाला गावाची नाडी ठाऊक, दुसऱ्याला आकडे ठाऊक. १९५०-५१ साली प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम झाला.

यातून आपण काय शिकावे?

गरज पडण्याआधी ओळख करावी. अडतदार, बँकेचा साहेब, इंजिन दुरुस्त करणारा, शेजारगावचा बागाईतदार, सगळ्यांना भेटावे. आपल्याला काय येते ते सांगावे. त्यांना काय येते ते विचारावे. दिला शब्द पाळावा. जमत नसेल तर वेळेवर सांगावे. काम झाले की विसरू नये. 'गरज सरो, वैद्य मरो' असे वागणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी उभे करीत नाही.

आता आपल्याला लिहिता येते. मग एक वही करा. भेटलेल्या माणसाचे नाव, गाव आणि काम तीत लिहा. त्याला दिलेला शब्दही लिहा. तो पुरा झाला म्हणजेच त्यावर रेघ मारा.