घुमणारे घर

बालाघाटच्या डोंगररांगेतील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीचे म्हणून प्रसिद्ध आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत तेथे आराधी मंडळींची गाणी कानी पडतात. संबळ व तुणतुणे यांच्या साथीवर उघड्या माळावर गायिलेले ते शब्द जरा दूर बसलेल्या म्हातारीलाही उमगतात. पण तीच गाणी ध्वनिमुद्रित करून सिमेंटच्या नव्या घरात लावली, की आजी म्हणते, "आरं, नुसता गलका व्हतोय, शबुद कळंना!" नातू आवाज वाढवितो, तो गलका अधिकच वाढतो. दोष यंत्राचा नसतो, आजीच्या कानांचाही नसतो. तो असतो भिंतींचा.

ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. गाण्याचा स्वर थोडा थेट कानी येतो. उरलेला भिंती, छत व फरशी यांवर आदळून क्षणभर मागाहून पोचतो. गुळगुळीत भिंत त्याला जवळजवळ तसाच परत पाठविते. असे कैक फेरे होतात आणि मागचे अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे त्यावर येऊन पडते. माळावर गेलेला आवाज परत येतच नाही. विजापूरच्या गोलघुमटात हे घुमणे नवल म्हणून ऐकावयास लोक जातात. घरात मात्र ते नकोसे होते.

जुन्या माळवदाच्या घरात दांडीवर गोधड्या असत, कोपऱ्यात धान्याची पोती असत. त्या ध्वनी शोषून घेत. छताच्या लाकडी तुळया त्याला इतस्ततः विखरीत. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे दगावली. तेव्हा तशी घरे गेली, हे बरेच झाले. नव्या घरात ती गोधडी मात्र कपाटात गेली आणि भिंती उघड्या पडल्या.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली असाच प्रश्न उभा राहिला. तेथील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे ते काम आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणविल्या, एकेक वाढवीत घुमण्याचा काळ मोजला आणि पहाटेपूर्वी त्या परत पोचविल्या. गाद्या वाढल्या, तसा तो काळ घटत गेला. खोली जितकी मोठी तितके घुमणे अधिक, आणि शोषून घेणाऱ्या वस्तू जितक्या अधिक तितके ते कमी, हा नियम त्यातून हाती आला.

येरमाळ्याच्या घरी गाद्या वाहून आणण्याचे कारण नाही. समोरच्या भिंतीवर एक जाड घोंगडी टांगावी, खाली सतरंजी अंथरावी. शब्द व तुणतुण्याची तार लगेच स्वच्छ होतात. संबळाचा खर्ज मात्र घोंगडीला दाद देत नाही. ध्वनिवर्धकाची पेटी कोपऱ्यात असेल, तर दोन्ही भिंती तो आणखी फुगवितात. ती पेटी कोपऱ्यातून हात-दोन हात पुढे ओढावी आणि मग आजीला पुन्हा विचारावे.