यमाच्या आरशासमोर

खेळ म्हटला कीं हारजीत आलीच, अशी आपली समजूत असते. ज्या खेळाचा परिचय आम्ही येथें करून देणार आहोंत, त्यांत जिंकावयाचें असें कांहींच नाहीं. आणि खेळणारास मरण आलें तरी तो संपत नाहीं. 'कॉस्मॉलॉजी ऑफ क्योतो' हा संगणकावरील खेळ जपानांत १९९३ सालीं निघाला. अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीं १९९४ सालीं त्याची मनापासून स्तुति केली. पुढें २०१० सालीं मात्र खेळ ही कधींच कला होऊं शकत नाहीं, असा निर्वाळा त्यांनींच दिला!

खेळांतील नगरी दहाव्या शतकांतील क्योतो होय. ७९४ सालीं वसलेली ही राजधानी आंखीव होती. राजवाड्यापासून दक्षिणेकडे रुंद राजमार्ग, व त्याच्या टोंकास राशोमोन नांवाची वेस. ९८० सालच्या वादळांत ती कोसळली व पुन्हां उभी राहिली नाहीं. जुन्या कथा सांगतात कीं, ज्यांस अंत्यसंस्कार करण्याचें सामर्थ्य नसे ते आपल्या माणसांचीं प्रेतें या वेशीच्या माडीवर टाकून जात. अशा नगरींत भुतांच्या गोष्टी न पिकत्या तरच नवल! खेळणारा येथें विवस्त्र व निष्कांचन असा प्रवेश करतो, आणि भिक्षु, जुगारी, सरदार व राक्षस यांच्यामधून वाट काढीत हिंडतो.

मरण आलें कीं तो नरकांत जातो, व आपल्या कर्मानुसार पुन्हां जन्म घेतो. हे नरक खेळ रचणारांच्या कल्पनेंतून निघालेले नव्हेत. गेन्शिन नांवाच्या भिक्षूनें ९८५ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यांचें अंगावर शहारे आणणारें वर्णन आहे. देव, मनुष्य, असुर, तिर्यक्, प्रेत व नरक या सहा गति त्यांत आहेत. हीं नांवें आपणांस परकीं वाटत नाहींत, याचें कारण उघड आहे. बौद्ध धर्म सहाव्या शतकांत चीन व कोरिया यांच्या मार्गें जपानांत पोंचला, आणि त्याच्यासवें आपला यमहि गेला. तेथें त्याचें नांव 'एम्मा' झालें व अंगावर चिनी न्यायाधीशाचा झगा आला. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही. तिकडे यमापुढें एक आरसाहि असतो, व मृताचें प्रत्येक कृत्य त्यांत दिसतें.

या खेळांतील दृश्यें भेसूर आहेत. लहान मुलांस तीं दाखवूं नयेत, असें पालकांस आमचें सांगणें आहे. परंतु मोठ्या विद्यार्थ्यांनीं एका प्रश्नाचा विचार अवश्य करावा. केवळ पुढील जन्म बरा मिळावा म्हणून कोणी सद्वर्तन केलें, तर तें सद्वर्तन कितपत खरें? यंत्र कृति मोजतें. हेतु त्यास दिसत नाहीं. भीतीनें हात आंवरतो, मन आंवरतेंच असें नाहीं.

जपानी लोकांनीं हें ओळखलें असावें. कारण यमाच्या जोडीला त्यांनीं क्षितिगर्भ बोधिसत्त्वास, म्हणजे त्यांच्या 'जिझो'स, तितक्याच आपुलकीनें जवळ केलें. हा नरकांत जातो तो शिक्षा भोगावयास नव्हे, तर तेथील जीवांस सोडवावयास, आपण होऊन. आजहि क्योतोच्या गल्लोगल्लीं त्याच्या लहान दगडी मूर्ति आहेत. त्यांच्या गळ्यांत बहुधा तांबडें लाळेरें बांधलेलें असतें. ऑगस्टच्या उत्तरार्धांत त्याचा उत्सव येतो, आणि तो मुख्यतः मुलांचा असतो. आळींतील मुलें मूर्तीपुढें जमतात, खाऊ घेतात व खेळतात.