भूमीवरून नौका

जतसारख्या कोरड्या मुलखातील मुलांस होडीच दुर्लभ. मग नौका सडकेने जाते हे कोणास खरे वाटेल? गोवा शिपयार्डात बांधलेली, 25 मीटर लांब व 60 टनांची ‘टी-81’ ही युद्धनौका 28 जानेवारी 2021 रोजी मुंबईस निवृत्त झाली. त्याच वर्षी केरळात तण्णीरमुक्कमपासून आलप्पुळ्यापर्यंत ती सडकेने नेण्यात आली. असे काम साध्या गाडीवानाचे नव्हे. अवजड वाहतुकीचे कसबी लोकच नेमावे लागतात. ते प्रथम वाट मोजतात: तारा किती उंच, वळण किती रुंद, पूल किती भार सोशील. मुलांनो, गणित करा. 60 टन 4 चाकांवर आले तर प्रत्येकी 15 टन. 60 चाकांवर वाटले तर एकच. (गाडीचे वजन निराळेच!) इतकी चाके लावतात ती यासाठी.