इसहाकाची आवड व पारध्याची झोळी

(वाचावयाचे भाग : उत्पत्ती २५:२७–३४, उत्पत्ती २७:१–१७, लेवीय १७:१३, अनुवाद २२:६–७)



एसावाविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश होतात. भुकेच्या एका घटकेत त्याने आपले ज्येष्ठत्व मसुरीच्या वरणावर विकले, हे रविवारच्या शाळेतील लहान मुलेही सांगतात. परंतु ह्या वृत्तांतात आणखी एक मनुष्य आहे व त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे एसावाचा बाप इसहाक. थोरल्या पुत्रावर त्याची विशेष प्रीती होती, आणि त्या प्रीतीचा धागा त्याच्या जिभेशी जोडलेला होता. रानात जावे एसावाने, उन्हात भाजावे एसावाने, कधी रिकाम्या हाताने परतावे तेही एसावाने. आणि बसल्या जागी रुचकर ताटाची वाट पाहावी इसहाकाने. ह्या पाठात आपण ह्या दुसऱ्या मनुष्याचा विचार करणार आहो. कारण आपल्या गावांत आज एसाव थोडे उरले असून इसहाक पुष्कळ झाले आहेत.

१. कयाधूच्या काठी

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव कयाधू नदीच्या काठी आहे. परंपरेप्रमाणे १२७० साली येथे नामदेव महाराजांचा जन्म झाला. भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा भक्त म्हणून त्यांची गोष्ट ह्या भागातील लहानथोरांस ठाऊक आहे. मुक्या जिवाविषयी इतका कळवळा ज्याच्या नावाशी जोडला गेला, त्याच्याच गावच्या पंचक्रोशीत रानातून व पाण्यातून आणलेल्या जिवावर चूल पेटविणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ह्यात विसंगती काढून हसण्याचे कारण नाही. ज्याला जमीन नाही त्याचे शेत म्हणजे रान. ज्याला विहीर नाही त्याचे भांडार म्हणजे नदीचा डोह. भोई जाळे टाकी, पारधी फासे मांडी, आणि मजुराची पोरे ओढ्याच्या बिळांतून खेकडे काढून आईच्या कालवणाची सोय करीत.

ह्या जेवणात चव असली तरी भरवसा नसतो. एसाव रानातून थकून व उपाशी आला, तेव्हा त्याच्या हाती काही नव्हते. जो शिकारीवर घर चालवितो त्याच्या घरी आज मेजवानी व उद्या उपास असतो. ज्येष्ठत्व विकण्याचा मूर्खपणा त्याचा होताच. परंतु रिकामी झोळी घेऊन आलेल्या भावाशी सौदा करणारा याकोब निर्दोष होता असे म्हणता येत नाही.

२. ग्रंथ न वाचता पाळलेला नियम

मोशेच्या नियमशास्त्रात शिकारीस मनाई नाही, मात्र तिला मर्यादा आहे. रानात मारलेल्या प्राण्याचे रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकावे, म्हणजे आपण एक जीव घेतला ह्याची आठवण मारणाऱ्यास राहावी. तसेच वाटेत पाखराचे घरटे सापडले, तर अंड्यांवर वा पिलांवर बसलेल्या मादीस पिलांसह धरू नये; तिला सोडून द्यावे. पुढच्या वर्षीच्या पाखरांची तजवीज आजच्या भुकेने मोडू नये, हा त्यातील अर्थ शेतकरी वाचकांस सहज कळेल. बियाणे खाऊन टाकणाऱ्यास पेरणीच्या वेळी काय करावे लागते, हे त्यांस सांगावयास नको.

आता एक गोष्ट ऐका. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा ह्या विद्वानांनी पश्चिम महाराष्ट्रातील शिकारी जमातींचा अभ्यास करून १९८३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांस असे आढळले की ह्या जमातींनी रान जणू आपसांत वाटून घेतले होते. फासेपारध्यांनी फासे लावून काळवीट, हरणे व पाखरे धरावी. नंदीवाल्यांनी कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर, साळिंदर व घोरपड ह्यांच्यामागे जावे. वैदूंनी मासे, खेकडे, कासवे व मुंगसासारखे लहान प्राणी घ्यावे. एकाने दुसऱ्याच्या वाट्यात हात घालू नये. आणखी असे की फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले, तर ते सोडून देण्याची फासेपारध्यांची चाल होती.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याने अनुवादाचे पुस्तक कधी हाती धरले नाही, त्याने त्यातील नियमाचा गाभा राखला. त्याला ठाऊक होते की हे रान उद्याही आपल्यालाच लागणार आहे.

३. रान गेले, शिक्का राहिला

मग हे मोडले कशाने? एका कारणाने नव्हे. गायराने नांगरली गेली व गवताळ माळ आटले. बंदुका व मोटारी घेऊन हौसेने शिकार करणारे आले. त्यांस गाभण व पाडस ह्यांत भेद करण्याचे प्रयोजन नव्हते, कारण त्यांचे पोट त्या माळावर नव्हते. तिकडे इंग्रजी अमलात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व पुढे तो वाढत जाऊन अनेक भटक्या जमातींवर पडला. मूल जन्मताच त्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का बसू लागला. अशा लोकांस कुंपणाच्या वसाहतींत ठेवण्यात आले आणि त्यांपैकी काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही चालविल्या, हे आपण लपवू नये. ज्यांनी ते काम केले त्यांचा हेतू सुधारणेचा असेल. परंतु कुंपण ते कुंपणच. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरून शिक्का पुसला गेला; गावकऱ्यांच्या नजरेतून तो अजून पुरता पुसला गेलेला नाही.

त्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता व लाखो लोक खडी फोडीत होते, हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी शिकारही बंद झाली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. तिच्याप्रमाणे साधारण अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. काळवीट व घोरपड ह्यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षांची कैद व निदान पंचवीस हजारांचा दंड आहे. ससा, तितर व लावा ह्यांसही संरक्षण आहे. शेताची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीची वाट आहे खरी. परंतु ती पीक राखण्यासाठी आहे, मांसासाठी नव्हे. असा मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता होतो.

हा कायदा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. थोडा हिशेब करून पाहा. एक तितर भरते अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. पिसे व हाडे वजा जाता हाती फार थोडे राहते. सहा माणसांच्या घरास एका जेवणाला पाच पक्षी तरी लागतील. आठवड्यातून दोन वेळा म्हटले तर वर्षाचे पाचशेवीस होतात; आणि एका गावात अशी शंभर घरे धरली तर बावन्न हजार. कोणते शिवार इतकी तितरे देईल? मूठभर पारध्यांचे पोट रान भरू शकत होते. सगळ्या गावाची हौस ते पुरवू शकत नाही.

४. आमच्या दारची गोष्ट

येथे आम्हांस आपलाच दोष सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी पाहुणे यावयाचे होते. त्या सकाळी एक पारधीण दारी आली. तिच्या ओच्यात पाय बांधलेली चार जिवंत तितरे होती. आम्ही घासाघीस करून ती घेतली. पाहुण्यांनी कालवण वाखाणले व आम्ही देवाचे आभार मानून जेवलो. पुढे काही दिवसांनी तिच्या नवऱ्यास फाशांसह धरून नेल्याचे कानी आले. ती पुन्हा दारी आली, तेव्हा तिच्या ओच्यात काही नव्हते. जामिनासाठी कोणाची ओळख आहे काय, इतकेच तिने विचारले. आम्ही “पाहू” म्हणालो. पाहिले मात्र नाही.

कायद्याने असे मांस विकत घेणे व जवळ बाळगणे हाही अपराधच आहे. तरी आमच्या ताटाविषयी आम्हांस कोणी विचारले नाही. तो चोर ठरला व आम्ही पाळकच राहिलो. त्या दिवसापासून इसहाकाचा वृत्तांत आम्हांस पूर्वीसारखा वाचता येत नाही.

आणखी एक बारकावा पाहा. रिबकेने कळपातली दोन करडे शिजवून नवऱ्यापुढे ठेवली आणि त्याला ती शिकारच वाटली! ज्या चवीसाठी त्याने पुत्राला रानात धाडले, ती त्याच्याच दावणीला बांधलेली होती. रिबकेच्या कपटाचे समर्थन आम्ही करीत नाही; पण ह्या गोष्टीतून एवढे निश्चित कळते की हट्ट पोटाचा नव्हता, जिभेचा होता.

५. पाण्यातील अन्न

मासळीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या नद्यानाल्यांतील साधारण मासळी धरण्यास वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही, आणि गरिबाच्या ताटात ती असावीच. आपले प्रभू ज्यांच्यामध्ये वावरले त्यांपैकी कित्येक कोळीच होते. मात्र धरणे व मोठी तळी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे त्यांचा हक्क मोडू नये. जाळ्यात कासव आले तर ते जिवंत सोडावे. त्यास कायद्याचे संरक्षण आहे.

घरट्यातील मादीचा नियम पाण्यातही लागू आहे. पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून वर चढणारे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते वाटेतच सगळे उपसले, तर पुढच्या साली डोह कोणी भरावा? मरळ तर आपल्या पिलांची राखण करते. पाण्याच्या वरच्या थरात तांबूस पिलांचा थवा हलताना दिसला की खाली त्यांची आईबापे आहेत असे समजावे. त्या वेळी गळ टाकला तर एक मरळ हाती येते व शेकडो पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

ह्याहून वाईट म्हणजे डोहात कीटकनाशक ओतणे अगर सुरुंगाची दारू उडविणे. ह्या दोन्ही गोष्टींस १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे. अशा पाण्यात पिले, बेडूक, खेकडे सर्व मरतात. गुरे तेच पाणी पितात. आणि विषाने मेलेला मासा ज्या पोरांच्या ताटात पडतो, त्यांस ते विष बाधल्याशिवाय कसे राहील? एका दिवसाच्या टोपलीसाठी सबंध वर्षाचे भांडार जाळणे, हे एसावाच्या सौद्याहून निराळे नाही.

६. आपण काय करावे

पहिले हे की रानातले मांस विकत मागू नये, आणि कोणी पाहुणचार म्हणून वाढले तर नम्रपणे नाकारावे. मागणारा नसेल तर फासा मांडणाऱ्यास अर्धे कारण उरत नाही. दुसरे, आपल्या परसात चार कोंबड्या किंवा एक शेळी ठेवावी. रिबकेची करडे जवळच होती, तशी आपलीही असू द्यावी. तिसरे व सर्वांत अवघड हे की ज्याचा फासा आपण बंद करू पाहतो, त्याच्या चुलीची चौकशीही आपणच करावी. महाराष्ट्रात पारधी ही अनुसूचित जमात आहे. तरी जातीचा दाखला, शिधापत्रिका व शाळेतील नाव ह्यांवाचून अनेक कुटुंबे अडून बसतात. मंडळीत ज्यास लिहितावाचता येते त्याने एका कुटुंबाबरोबर तहसील कचेरीपर्यंत चालत जावे. शेजारच्या वाशिम व अकोला जिल्ह्यांत काही फासेपारध्यांनी तणमोर पक्ष्यासाठी गवताळ रान राखण्याचे काम अंगावर घेतले आहे. ज्याला पाखराची वाट ठाऊक आहे, तोच तिचा उत्तम राखणदार होऊ शकतो. त्याचे ज्ञान चोरीचे नव्हे. ते कामास लावणारे कोणी हवे.

आम्ही त्या पारधिणीस पुढे शोधले. तिचे पाल तेथून उठून गेले होते. ज्या दारी आपण “पाहू” म्हणतो, तेथे पुन्हा पाहण्याची संधी मिळतेच असे नाही. म्हणून हा पाठ आम्ही वाचकांच्या आधी आपल्यासाठी लिहिला आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. इसहाकाच्या आवडीचा परिणाम त्याच्या दोन्ही पुत्रांवर कसा झाला?

२. घरट्यातील मादी सोडून देण्याच्या नियमात पुढील पिढीचा कोणता विचार आहे? आपल्या गावच्या ओढ्यास तो कसा लावावा?

३. गेल्या वर्षात आपल्या घरी रानातले मांस आले काय? ते कोणी आणले, आणि त्या मनुष्याचे पुढे काय झाले, हे आपण विचारले काय?

४. आपल्या गावच्या शिवारात पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबांची नावे मंडळीतील किती जणांस ठाऊक आहेत?